बंदर कुठेशी आलं?

कल्याणला जायला निघालेला माणूस भलतीकडेच पोहोचतो, ही तक्रार आजकालची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वही केली. 'पेरिप्लस' म्हणून ती जगभर ओळखली जाते. तीत कल्याण 'कॅलिएना' या नावाने येतं आणि पाठोपाठ सूचना येते: थोरल्या सारगनसच्या वेळी हे रीतसर बाजारपेठेचं बंदर होतं, पण सांदनेसच्या ताब्यात गेल्यापासून इथे भारी अडवणूक होते, ग्रीक गलबत इकडे लागलंच, तर पहारा बसवून त्याला बारिगाझाला, म्हणजे भडोचला, नेण्यात येतं. सातवाहन आणि क्षत्रपांच्या भांडणात गिऱ्हाइकाची ही अशी फरफट. दोन हजार वर्षांत फरक इतकाच पडला, की आता भडोचऐवजी कर्जत लागतं आणि पहारेकऱ्यांचं काम दारातली गर्दी बिनपगारी करते.

हे सगळं सांगलीच्या एका मामांना तोंडपाठ होतं. मामा हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. भाची डोंबिवलीला, साडूच्या नातवाची मुंज ठाण्याला, आणि कल्याणचं प्राचीन बंदर एकदा डोळ्यांनी पाहायचं ही हौस स्वतःची. अशी तीन कामं तीन दिवसांत बसवून ते निघाले. नकाशात पाहिलं तर तिन्ही गावं एकाच रेघेवर. बोरीबंदरपासून ठाणं ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. रेघ सरळ आहे म्हणजे काम सरळ आहे, असं मामांना वाटलं. या पट्ट्यात पहिल्यांदा येणाऱ्या सगळ्यांना तसंच वाटतं.

सांगलीकडच्या गाड्या डोंबिवलीला सहसा थांबत नाहीत. त्यामुळे कल्याणला उतरून मुंबईच्या दिशेची लोकल धरायची, हे भाचीने फोनवर चार वेळा बजावलं होतं. "आणि मामा, ठाकुर्ली आलं की उठू नका."

"बरं. डोंबिवली आली की उठतो."

"अहो नाही! ठाकुर्ली यायच्या आधीच उठून दारात जायचं. ठाकुर्लीला उठलात तर ठाण्यालाच उतराल."

जे स्टेशन अजून आलेलं नाही त्याच्याही आधी, जिथे उतरायचं नाही त्या स्टेशनाच्या भरवशावर उठायचं, ही कालगणना मामांच्या इतिहासात बसेना. पण त्यांनी वहीत लिहून घेतलं.

कल्याण जंक्शन हे प्रकरण समजून घ्यायला एक आयुष्य पुरतं, दुसरं लागतं ते जिने चढायला. इथे एक नंबरचा प्लॅटफॉर्म आहे आणि एक ए नंबरचाही आहे. मामांनी तुकड्यांच्या हिशेबाने एक ए म्हणजे पहिलीतली हुशार मुलं असं समजून घेतलं. इथवर ठीक होतं. खरी परीक्षा गाडीच्या कपाळावरच्या अक्षराची. मध्य रेल्वेच्या लोकलवर स्टेशनाच्या नावाचं संक्षिप्त अक्षर असतं. 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणे, 'डीएल' म्हणजे डोंबिवली, 'बीएल' म्हणजे बदलापूर. इथपर्यंत कुणालाही झेपतं. मग येतो 'एन'. हा नाशिकचा असावा, नेरळचा असावा, निदान नाहूरचा तरी असावा. तो कसाऱ्याचा असतो. आणि 'एस' कर्जतचा. कारण कल्याणला मुंबईहून आलेल्या रुळांना दोन फाटे फुटतात: एक ईशान्येला, आसनगाव-कसाऱ्यावरून थळ घाटाकडे, म्हणजे 'नॉर्थ', दुसरा आग्नेयेला, विठ्ठलवाडी-कर्जतवरून बोर घाटाकडे, म्हणजे 'साउथ'. कसाऱ्याच्या गाडीवर कसाऱ्याचं अक्षर नाही आणि कर्जतच्या गाडीवर कर्जतचं नाही, कारण ही अक्षरं ठरवणाऱ्या साहेबाच्या डोळ्यांपुढे गाव नव्हतं, होकायंत्र होतं. शिवाय प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरच्या कडेला आणखी एक 'एस' असतो. तो कर्जतचा नव्हे, तो 'स्लो'चा. भाचीच्या नवऱ्याने ही सगळी बाराखडी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. मामांनी ती दोनदा वाचली आणि त्यातलं एकच पक्कं लक्षात राहिलं: एस म्हणजे स्लो. पुढे या ज्ञानाचा उपयोग झाला.

डोंबिवलीला ते नीट उतरले. ठाकुर्लीच्या आधी उठल्यामुळे त्यांना उतरावं लागलं नाही, मागच्या मंडळींनी उतरवलं.

"मामा, आता कल्याण एंडच्या पुलावरून वर या."

"अगं, मी कल्याणहूनच आलोय. पुन्हा कशाला?"

डोंबिवलीत प्लॅटफॉर्मची टोकं म्हणजे दिशा. एक कल्याण एंड, दुसरं सीएसटी एंड, आणि त्यांच्या मधला तो मधला पूल. माणूस कुठल्या डब्यात बसतो हे जागा कुठे मिळते यावर ठरत नाही; उतरल्यावर कुठला जिना समोर यायला हवा, यावर ठरतं. तीस वर्षं रोज जाणारा डोंबिवलीकर मुंबईला गाडीत चढतानाच संध्याकाळच्या भाजीवाल्यासमोर उतरण्याची तजवीज करून चढतो. पाहुणा मात्र जागा रिकामी दिसली म्हणून चढतो आणि मग घरापासून अर्धा किलोमीटर लांब उगवतो.

पुलावर गेल्यावर पुढचा प्रश्न: पूर्व की पश्चिम? इथल्या पूर्व-पश्चिमेचा सूर्याशी फारसा संबंध नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ५७ मिनिटांत ठाण्याला पोहोचली, १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत वाढवली, आणि त्या दिवसापासून वाटेतल्या सगळ्या गावांना डावं-उजवं अंग फुटलं. रूळ डोंबिवलीजवळ तिरके जातात, म्हणून इथली पश्चिम खरी बघायला गेलं तर वायव्य. पण वायव्येला कुणी मुलगी देत नाही. तेव्हा पूर्व आणि पश्चिम. स्थळ बघतानाही "डोंबिवलीत कुठे?" याचं पहिलं उत्तर तेच असतं आणि त्यावरून पुढचं बोलणं ठरतं. पूर्वेला फडके रोड, गणेश मंदिर, दिवाळी पहाट, १९९९ साली सुरू झालेली गुढीपाडव्याची शोभायात्रा. म्हणून पूर्वेकडचा माणूस "आम्ही डोंबिवलीचे" म्हणतो. पश्चिमेकडचा "आम्ही वेस्टला" म्हणून थांबतो, आणि आमच्याकडे खाडी आहे, असं नंतर हळूच सांगतो.

जुन्या काळी अशी भानगड नव्हती. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहार आहे. दगडात कोरायचा पत्ता, पण कुणीही ईस्ट की वेस्ट ते लिहिलेलं नाही. नुसतं कल्याण. आज त्या सोनाराला कुरिअर पोहोचलं नसतं.

मोबाइलचा नकाशा या बाबतीत फार भोळा आहे. भाचीच्या पाठच्या रस्त्यावर मामांचा एक विद्यार्थी राहत होता. नकाशाने अंतर दाखवलं २०० मीटर. मामा चप्पल घालून निघाले आणि दोन मिनिटांत रेल्वेच्या भिंतीपाशी उभे राहिले. विद्यार्थी पलीकडे, खिडकीतून हात करतोय. मध्ये रूळ. पायी जायचं तर स्टेशनच्या पुलावरून, आणि वाहनाने जायचं तर ठाकुर्लीच्या किंवा कोपरच्या उड्डाणपुलाला वळसा घालून. कोपरचा पूल २०१९ ते २०२१ अशी दोन वर्षं दुरुस्तीसाठी बंद होता. त्या दोन वर्षांत गावातल्या गावात आलेले दुरावे मोजायचं काम कुणीतरी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने घ्यायला हरकत नाही. मामांनी विद्यार्थ्याला भिंतीवरूनच आशीर्वाद दिला.

या कोपरवरून आठवलं. डोंबिवलीच्या अलीकडचं स्टेशन कोपर. त्याला वरचं कोपर आणि खालचं कोपर असे दोन मजले, कारण दिवा-वसईची गाडी मुख्य मार्गाच्या डोक्यावरून जाते. ठाणे पूर्वेला म्हणतात कोपरी. आणि ठाण्याच्या दहा नंबरवरून वाशीकडे सुटणाऱ्या गाडीत लागतं कोपरखैरणे. ज्या पाहुण्याला भर गर्दीत फोनवर "कोपर..." एवढंच ऐकू आलं आणि पुढचं भोंग्यात बुडालं, त्याच्यासमोर तीन दिशांना तीन आयुष्यं उघडी असतात. मानपाड्याचंही तेच. ठाण्याचा मानपाडा घोडबंदर रोडवर, डोंबिवलीचा मानपाडा रोड डोंबिवली पूर्वेला. ठाण्याच्या रिक्षात बसून "मानपाडा" म्हटलं की एका जगात जाल, डोंबिवलीच्या रिक्षात म्हटलं की दुसऱ्या. पत्त्यात फक्त मानपाडा असलेली लग्नपत्रिका हे आहेर वाचवायचं रामबाण कारण आहे. दोन्हीकडचे पाहुणे ते वापरतात.

दुसऱ्या दिवशी मुंज होती.

ठाण्याला जातो म्हटल्यावर मामांच्या पिढीतला माणूस आधी हसतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यात, ठाणं कुठे आहे हे माहीत नसणाऱ्यालाही ठाऊक. सांगलीहून निघताना शेजाऱ्याने विचारलं होतं, "एकटेच जाताय की कुणी सोडायला येणार आहे?" ठाणेकरांनी या विनोदाकडे पाहून हसणं केव्हाच सोडून दिलंय. त्यांच्याकडे त्याहून चांगला विनोद आहे: ठाण्यात एक ठाणेनगर पोलीस ठाणे आहे. "ठाण्याच्या ठाणेनगर ठाण्यात" हे वाक्य एका दमात आणि गंभीर चेहऱ्याने म्हणता येईल त्यालाच तिथे बदली मिळत असावी.

साडूंच्या मुलाने कार्यालयाचा पत्ता असा दिला: "तीन हात नाक्याला उतरू नका, नितीन कंपनीला उतरा. कॅडबरी आलं म्हणजे पुढे आलात. गोल्डन डाइजला पोहोचलात तर परत फिरा." मामांना वाटलं, मुंज औद्योगिक वसाहतीत ठेवलीय.

ठाण्याचा नकाशा हा असा आहे. १९६२ साली एमआयडीसी आली, तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट इथे उभी राहिली, आणि एका पिढीने शहरातल्या दिशा कारखान्यांच्या गेटांवरून शिकून घेतल्या. मग कारखाने उठले, टॉवर उभे राहिले, पण जिभेवरची गेटं हलली नाहीत. नितीन कंपनी म्हणजे आता एक सिग्नल, एक उड्डाणपूल आणि बसथांबा. तिथे अर्ज घेऊन जाणाऱ्याला नोकरी मिळणार नाही. नाके तर विचारूच नका. नाका म्हणजे जिथे जकात घ्यायची ती जागा. जकात गेली, नाके राहिले: जांभळी नाका, टेंभी नाका, तीन हात नाका, मुलुंड चेक नाका. तीन हात नाक्यावर तिसरा हात शोधू नये. जवळच तीन पेट्रोल पंप नावाचीही जागा आहे. तिथेही मोजत बसू नये. पाचपाखाडीत पाच कोणत्या, हे विचारलं तर ठाणेकर विचार करायला लागतो आणि तुमची बस जाते.

इथे पत्ता सांगायचा म्हणजे आज समोर काय आहे ते सांगायचं नाही, पूर्वी काय होतं ते सांगायचं. "जिथे आधी ते थिएटर होतं ना, त्याच्या बाजूला" हा वाक्प्रचार ठाण्यात अजिबात विनोदी मानला जात नाही. पाहुण्याने ते थिएटर पाहिलेलं नसतं. ते पाडलं तेव्हा तो मिरजेला होता. इतिहासाच्या मास्तरांना वास्तविक हे सोयीचं व्हायला हवं होतं. पण त्यांचा इतिहास जरा जास्तच जुना पडला. त्यांना शिलाहारांचं श्रीस्थानक ठाऊक होतं, गोल्डन डाइज ठाऊक नव्हतं.

मुंज वेळेवर लागली, मामा बटूच्या भिक्षावळीला पोहोचले. जेवण झाल्यावर त्यांनी एका तरुणाला विचारलं, "इथला किल्ला कुठेशी आला?"

"किल्ला? ठाण्यात? घोडबंदरला आहे बघा एक."

"तो नव्हे. ठाण्याचा."

तरुणाने मोबाइल काढला. मोबाइलने सेंट्रल जेल दाखवलं. तरुणाला वाटलं मोबाइल बिघडला. मामांचा चेहरा मात्र खुलला, कारण तेच उत्तर बरोबर होतं. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलेला ठाण्याचा किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. आतून बघायचा तर रीतसर गुन्हा करावा लागतो.

या किल्ल्यातून बाहेर पडायची वाट मात्र एकदा फार सुरेख सांगितली गेली होती. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांच्या हाती लागला, आणि त्याला इथे कोंडलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई, म्हणजे कुणी फितूर व्हायला नको. पण एका साहेबाचा मोतद्दार रोज घोड्याला खरारा करता करता कैद्याच्या खिडकीखाली मराठीत गाणी म्हणायचा, आणि बाहेर घोडे कुठे उभे आहेत, निघायचं केव्हा, हा सगळा मजकूर त्या गाण्यांत. गोऱ्यांना वाटायचं, मोतद्दार आज खुशीत आहे. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी पसार झाला. ही हकिगत पुढे बिशप हेबरने लिहून ठेवली. ठाण्यात अनोळखी माणसाला इतका नेमका पत्ता मिळाल्याचं दुसरं उदाहरण मामांना आठवेना. त्या मोतद्दाराने "सरळ जा आणि तिथे कुणालाही विचारा" असं म्हटलं असतं, तर त्रिंबकजी अजून आतच असता.

मामलेदार कचेरीचा पत्ता मात्र इतका नेमका नाही. गावाकडचा माणूस जमिनीच्या कागदासाठी "मामलेदार कुठे?" विचारतो आणि ठाणेकर त्याला मिसळीच्या दिशेने पाठवतो. यात फसवणूक काही नाही. मिसळ कचेरीला लागूनच असल्यामुळे तिचं नावही मामलेदारच पडलं, म्हणजे रस्ता दोघांचाही एकच. फरक एवढाच, की तहसीलदाराकडे गेलेला माणूस डोळ्यांत पाणी घेऊन बाहेर येतो ते काम न झाल्यामुळे, आणि शेजारून आलेला काम झाल्यामुळे.

परतीच्या रिक्षात मामांना मार्को पोलो आठवला. तेराव्या शतकाच्या अखेरीला त्याने 'ताना'च्या राज्याबद्दल लिहिलंय की इथल्या राजाने चाच्यांशी करार केला होता: जहाजं लुटा, त्यातले घोडे माझे, बाकी माल तुमचा. घोड्यांची या किनाऱ्याला अशी ओढ, आणि पुढे घोडबंदर हे नावच पडलेलं. बाकी बंदरांचीही नावं तेवढी उरली. घोडबंदर रोडवर नागला बंदर आहे, ठाणे पूर्वेला मीठबंदर रोड आहे. नावाप्रमाणे एका ठिकाणी घोडा उतरायला हवा, दुसऱ्या ठिकाणी मीठ. सध्या दोन्हीकडे सोसायट्यांचे पाहुणे उतरतात. मामांनी रिक्षावाल्याला नोट दिली. "सुटे नाहीत काका," तो म्हणाला. मीटरचे पैसे त्याचे, वरचे सुटेही त्याचेच. मार्को पोलोचा राजा निदान घोड्यांवर थांबला होता.

तिसरा दिवस बंदराचा. भाची म्हणाली, "मामा, लाइव्ह लोकेशन चालू ठेवा, म्हणजे मला काळजी नाही." मामा म्हणाले, "कल्याणची आनंदी जोशी १८८३ साली बोटीत बसून फिलाडेल्फियाला गेली, डॉक्टर झाली. मी डोंबिवलीहून कल्याणला जातोय." भाचीने मुकाट्याने डबा भरून दिला.

कल्याण पश्चिमेला शेअर रिक्षाची रांग असते. ती रांग म्हणजे शहराची अनुक्रमणिका. कुठली रिक्षा लाल चौकीची, कुठली खडकपाड्याची, कुठली दुर्गाडीची, हे बोर्डावर वाचायचं नसतं, ओरड ऐकून ओळखायचं असतं. मागे तीन, आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या मांडीवर चौथा. मामांच्या वाट्याला चौथी सीट आली.

"कुठे, काका?"

"बंदरावर."

ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. त्याने मान वळवून मामांना नीट न्याहाळलं. "बंदर? बंदर इधर कहाँ है काका? हाजी मलंग जाओ, उधर पहाड पे बहुत है."

मागच्या सीटवर भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई होत्या. त्यांनी मामांची बाजू घेतली. "माकड नाही हो, त्यांना रेतीबंदर म्हणायचंय."

"हां, रेतीबंदर! बोलो ना फिर. कौनसा?"

हा 'कौनसा' रास्त होता. रेतीबंदर कल्याणला आहे, डोंबिवलीला मोठागावला आहे, मुंब्र्याकडेही आहे. खाडीतली रेती जिथे उतरवायची ते सगळं रेतीबंदर. मामांना मात्र जुनं बंदर हवं होतं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाहून आलेल्या कॉसमसने कल्याण हे हिंदुस्थानातल्या मोठ्या पेठांपैकी एक म्हणून नोंदवलं, इथलं पितळ, इमारती लाकूड आणि कापड यांची वाखाणणी केली. त्याने इथे बिशप असल्याचंही लिहिलंय. मामांनी यातलं काही ड्रायव्हरला सांगितलं नाही. चौथ्या सीटवरच्या माणसाने एका हाताने दांडी धरलेली असते आणि दुसऱ्या हाताने डबा. तिसरा हात तीन हात नाक्यावरही मिळत नाही.

दुर्गाडी किल्ल्यापाशी उतरल्यावर त्यांनी पाच जणांना विचारलं, "प्राचीन बंदर कुठेशी आलं?" एकाने गणेश घाट दाखवला, विसर्जन तिथेच होतं म्हणाला. दुसऱ्याने खाडीवरचा पूल दाखवला. तिसरा म्हणाला, पलीकडे कोनगाव आहे, तिथे विचारा. चौथ्याने सुभेदारवाड्यात जुनी माणसं भेटतील असं सुचवलं. तो वाडा म्हणजे आता शाळा आहे, आणि तिथे भेटणारी माणसं बरीच लहान असतात. पाचवा टेकडीवरच्या मंदिरातून उतरत होता. तो थांबला, खाली भरतीच्या पाण्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हे काय, हेच की."

ते बरोबर होतं. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठी आरमाराची पहिली जहाजं बांधायला सुरुवात झाली ती याच खाडीत. कामाला आणलेले पोर्तुगीज कारागीर पुढे काम टाकून निघून गेले, म्हणजे कल्याणमधून बाहेर पडायची वाट कुणालाही न विचारता सापडलेली ती पहिली परदेशी मंडळी. मामा कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. डब्यातली पोळी-भाजी त्यांनी तिथेच खाल्ली. एक होडी रेतीच्या ढिगाऱ्यापाशी उलटी घातलेली होती. तिच्या पोटावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. वरून पुलावरच्या ट्रकांचा धडधडाट. ओहोटी लागली तसा चिखल उघडा पडत गेला, आणि एवढ्या उथळ पाण्यात ग्रीक गलबत आलं कसं, हा प्रश्न त्यांनी वहीत टिपून घेतला.

परत येताना कल्याण पूर्वेला एका ओळखीच्यांकडे जायचं होतं. सांगण्यात आलं, "पत्री पुलावरून या." हा पूल २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत उघडला. मधली दोन वर्षं पूल नव्हता, तरी "पत्री पुलापाशी भेटू" म्हणणारी माणसं भेटत होती. ज्या गावात बंदर नसताना रेतीबंदर असतं, तिथे पुलानेच तेवढी हजेरी का लावावी?

रात्रीची सांगलीकडची गाडी कल्याणहून होती. मामा दीड तास आधीच पोहोचले. तीन दिवसांत ते बरेच तयार झाले होते: इंडिकेटरखाली उभं राहायचं, बॅग पोटाशी धरायची, घोषणा ऐकू येत नसली तरी मान हलवायची. कुणीतरी त्यांना सरबताचा स्टॉल विचारला, तो त्यांनी बिनचूक दाखवला. तेवढ्यात एक लोकल शिरली. खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस धावत आला, नाशिकच्या बाजूचा असावा, आणि धापा टाकत म्हणाला, "काका, ही आसनगावला थांबती का?"

मामांनी गाडीच्या कपाळाकडे पाहिलं. एस.

"स्लो आहे," ते ठामपणे म्हणाले. "स्लो सगळीकडे थांबते. बसा."

माणूस चढला. जाता जाता त्याने दारातून हात केला, मामांनीही केला. गाडी प्लॅटफॉर्म सोडून पुढे सरकली आणि उजवीकडे, विठ्ठलवाडीच्या अंगाला वळली.